यसाक्काचं बाभूळबन

बाभळीचं दातवण तोंडात असताना चोरी नाकारता येत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. कुरणवाडीच्या शाळेवर मास्तर म्हणून रुजू झालो होतो. शाळेच्याच एका कोपऱ्यात पोस्ट होतं, म्हणून पोस्टमास्तरही मीच. अशा दुहेरी अधिकाराचा माणूस सकाळी माळाकडं फिरायला निघाला, तर वाटेवरची एक फांदी मोडून घ्यायला त्यानं कुणाला विचारायचं? मी फांदी मोडली, टोक चावलं, आणि ऐटीत पाऊल पुढं टाकलं ते नेमकं काट्यावर. पायताण शहरातलं, तळ पातळ. काटा आरपार गेला आणि मी एका पायावर उभा राहिलो.

"पळू नगा, काटा मोडंल आत," मागून आवाज आला.

पळणार कसा? वळून पाहिलं तर काळी, उंच, हाडापेरानं मजबूत अशी एक बाई डोक्यावर पाटी घेऊन उभी होती. पाटी खाली ठेवून तिनं मला दगडावर बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि शेजारच्या डहाळीचा दुसरा काटा मोडून पहिला काटा असा अलगद काढला की मी विव्हळायची तयारी करून ठेवली होती ती वाया गेली. वर रुईचा चीक लावला. मग विचारलं, "दातवण कुठलं?"

माझ्या तोंडातून काही आलं नाही. दातवणच होतं.

"ह्या झाडाचं. बरं. मोडलं तर मोडलं. येक पाटी शेंगा येचून द्यायच्या. हितला कायदा हाय."

मी म्हणालो, मी शाळेचा मास्तर आहे. ती म्हणाली, "मग तर लौकर व्हईल. पाटलानं येचल्यात, तलाठ्यानं येचल्यात. तुमी काय येगळं?"

त्या दिवशी शाळा उशिरा भरली. मास्तर लंगडत, बाभळीच्या वाळक्या शेंगांची पाटी डोक्यावर घेऊन गावात शिरला, आणि माझी अख्ख्या गावाशी ओळख एका फेरीत झाली. ही गोष्ट आमच्या घरात मी इतक्यांदा सांगितली आहे की आता मुलं माझ्या आधी पुढचं वाक्य म्हणतात. पण त्यांना त्यात फक्त माझी फजिती दिसते. मला ती बाई दिसते.

तिचं नाव यशोदा. गावानं तिचं यसाक्का केलं होतं. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव म्हणजे नुसता माळ. कृष्णाकाठच्या लोकांनी उसाच्या गोष्टी सांगाव्यात आणि आम्ही ऐकाव्यात. जमीन माणसाला पुरत नव्हती, म्हणून माणसं बाहेर जायची. कुणी मुंबईला गिरणीत, कुणी पलटणीत. यसाक्काचा नवरा गिरणीत गेला होता. "चार सालं काढतो आन् येतो" म्हणून गेला. दर महिन्याला मनीऑर्डर आली, जत्रेला तो स्वतः आला, आणि असं करता करता शेवटी खोकला घेऊन जो आला तो जाण्यासाठीच. त्यानंतर दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि एकुलता एक मुलगा श्रीपती, गावाचा शिरपा, पलटणीत भरती झाला. बायको हौसा घरात नवी होती.

त्याच्या मनीऑर्डरी माझ्या हातून जात. यसाक्का अंगठा उठवायची, पैसे पदराला बांधायची, पण तिच्या चेहऱ्यावर इतर घरच्या बायकांसारखा उजेड कधी पडला नाही. एकदा मी म्हणालो, "आक्का, मुलगा वेळेवर पाठवतो. समाधान मानावं."

ती उंबऱ्यावर टेकली. "मास्तर, मनीऑर्डर म्हंजी मानसाची सावली. सावलीला काय जेवाय वाढता येतंय? माजा मालक असाच यायचा दर म्हैन्याला, तुमच्या त्या कागदातनं. पैसा येतोय तवर मानूस येत न्हाई, आन् मानूस येत न्हाई म्हून पैसा लागतोय. ही गाठ कुटंतरी सोडाय पायजे."

गाठ सोडायची तिची रीत मात्र सगळ्या गावाच्या चेष्टेचा विषय होती. लढाईच्या त्या काळात गावात पैसा आला तो असा पहिल्यांदाच. घरटी एक माणूस पलटणीत. गवताची छपरं जाऊन कौलं आली. लग्नांत जेवणावळी वाढल्या. सणावाराचं पुरण आडवारीही शिजायला लागलं. तुळशीरामाच्या घरी तर मुलाच्या पैशानं ग्रामोफोन आला. तबकडी एकच होती. ती इतक्यांदा वाजली की म्हशीसुद्धा ती लागल्यावर पान्हवायच्या, असं तुळशीराम सांगायचा. आणि यसाक्का त्याच पैशातून जोंधळा घेऊन मेंढरं बसवायची.

शेतात मेंढरं बसवणं आमच्याकडं नवं नाही. कळप मुक्कामाला ठेवायचा, लेंड्यांचं खत मिळतं, त्याबद्दल धनगराला धान्य द्यायचं. पण लोक मेंढरं बसवत ती काळ्या रानात. ही बसवायची मुरमाड माळावर, जिथं कुसळसुद्धा लाजत उगवायचं. माणदेशाकडचा बिरूबा धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन घाटाखाली उतरायचा आणि वैशाख सरता सरता आमच्या गावावरून परत जायचा. तो आला की यसाक्का त्याला माळावर मुक्काम करायला लावायची आणि वर्षभर आमच्यासारख्या चोरांकडून वेचून घेतलेल्या शेंगा मेंढरांपुढं ओतायची. मेंढरं शेंगा खायची. बी त्यांच्या पोटातून मऊ होऊन, खतासकट, तिथंच पडायचं. पाऊस झाला की माळावर बाभळीची रोपं यायची. मग भोवती काट्याचं कुंपण. पुढच्या वर्षी त्याच्या शेजारचा पट्टा. असे तिचे पट्टे नवऱ्याच्या मनीऑर्डरींपासून चालू होते. सगळ्यात जुना पट्टा मी रुजू झालो तेव्हा चांगला उंच झाला होता, सगळ्यात नवा माझ्या घोट्याएवढा. दुरून पाहिलं तर माळावर कुणी हिरव्या पायऱ्या बांधल्यासारखं दिसायचं.

चावडीपुढून जाताना एकानं हटकलं, "यसाक्का, खडकाला खत घालतीस व्हय गं?"

"घालती. तुज्या डोस्क्याला घालाय मेंढरं कमी पडली."

हे असं होतं. तिच्या जिभेला बाभळीचाच गुण होता. पण गावात कुणी बाळंत झाली की पाचवीच्या आत त्या घरी यसाक्काकडून डिंकाची पुरचुंडी पोचायची, बोलावणं नको, निरोप नको. आमच्या घरीही पोचली. आमची ही सांगलीची, जिभेला तीही काही कमी नाही. दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलं. मला संशय आहे तो माझ्यावरूनच.

घरात मात्र यसाक्काचं आणि सुनेचं जमत नव्हतं, आणि दोष हौसाचा नव्हता. शेजारपाजारच्या तिच्या बरोबरीच्या पोरी गळ्यात सोन्याच्या पुतळ्या घालून पाण्याला यायच्या. हिचा नवरा तेवढंच पाठवायचा आणि ते मेंढरांच्या पोटात जायचं. एकदा मी मनीऑर्डर घेऊन गेलो तर दोघी समोरासमोर.

"सांग की," यसाक्का म्हणत होती, "तुला पुतळ्या पायजेत का शिरपा?"

हौसानं मान वर केली. "दोनी," ती म्हणाली.

यसाक्कानं सुनेकडं नीट पाहिलं. मग हसली आणि म्हणाली, "बरं. पर आदी शिरपा. पुतळ्या त्येच्याकडनंच घे."

लढाई वाढली तसं पेट्रोल मिळेना. विट्याहून कराडला जाणारी मोटार कोळशावर चालायला लागली. मागं भलं मोठं लोखंडी पिंप, त्यात कोळसा पेटवायचा, आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. तिकीट बसण्याचं होतं की ढकलण्याचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कोळसा झाला सोन्यासारखा आणि एक दिवस कराडचा एक व्यापारी यसाक्काच्या दारात येऊन बसला. सगळं बन, उभं आहे तसं, एकरकमी. भाव असा सांगितला की चावडीवरची माणसं उठून उभी राहिली.

गावानं मला पुढं घातलं. शिकलेला माणूस, हिशेब मांडून दाखवेल. मी शाळेच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत आकडे मांडले, बेरीज केली, खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणालो, "आक्का, असा भाव पुन्हा येणार नाही. द्यावं."

तिनं पाटीकडं पाहिलं नाही. "मास्तर, तुमी पयलीतली पोरं एकदम फायनलला बसवता व्हय?"

"नाही."

"मग? ही समदी एका वर्गातली हाईत का? ह्या पट्ट्यात निस्ती दातवणं हाईत. त्यो कुळव-नांगराच्या दांड्याचा. त्यो म्होरला चाकाचा. येकदम कापलं की येकदा पैसं येणार. आन् शिरपा आल्यावर म्या त्येला काय दावू? बुडकं?"

व्यापारी म्हणाला, "बाई, पोरगा जित्ता परत येतो का न्हाई त्येचा काय भरवसा?"

मागं दारात हौसा उभी होती. तिच्या हातातला तांब्या खाली पडला. यसाक्कानं तो उचलून दिला आणि व्यापाऱ्याला शांतपणे म्हणाली, "जुन्या पट्ट्याच्या फांद्या छाटून दीन. कोळसा त्येचा पाड. आन् पुन्यांदा ह्या दारात आलास, तर तोंडात पाणी धरून ये."

व्यापाऱ्यानं फांद्या नेल्या. मी पाटी पुसली. पण त्या संध्याकाळपासून हौसा सासूबरोबर बनात जायला लागली. कुणी कुणाला काही म्हटल्याचं मला ठाऊक नाही.

शिरपा आला तो लढाई संपल्यावर, कार्तिकात. काळी लोखंडी ट्रंक, अंगात खाकी, तोंडात निम्मी हिंदी. आधी इजिप्त, मग इटली असा फिरून आला होता. पहिला दिवस भेटीगाठीत गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं गाव पाहिलं. बरोबरीच्या पोरांच्या घरांवर कौलं. आपल्या घरावर तेच गवत. मग तो माळावर गेला.

मी तिथंच होतो, दातवणासाठी म्हणा. तो कुंपणाशी उभा राहिला. यसाक्का खुरपं घेऊन पुढं झाली.

"आई," तो म्हणाला, "म्या तकडं बर्फात राबलो आन् तू हितं काटं पेरलंस?"

ती कुंपणातला सुटलेला काटा परत खोचत राहिली.

"इटलीत बी डोंगरभर झाडं लावत्यात. पर त्येला फळं येत्यात, फळं. हे काय हाय? फालतू काम." मग माझ्याकडं वळला. "मास्तर, मुंबईला माजा दोस्त हाय, पलटणीतला. गिरणीत चिकटलाय. त्येला पत्र लिवा. शिरपा येतोय म्हनावं."

यसाक्काची सगळी वर्षं तिथं त्या कुंपणाशी उभी होती, आणि पोरगा बापाच्याच वाटेनं निघाला होता. मला वाटलं, आता ती रडेल, हातापाया पडेल. ती म्हणाली, "जा की. मुंबई काय वाईट न्हाई. पर जायाच्या आदी येवडा येक पट्टा कापून जा. माज्यानं आता कुराड उचलत न्हाई."

हे ती अशा आवाजात म्हणाली की मलाही खरं वाटलं. आदल्याच आठवड्यात तिनं एकटीनं ओंडका ओढलेला मी पाहिला होता.

मी पत्र लिहिलं: पट्टा कापून येतो. थंडीभर तो कापत होता. जुन्या पट्ट्याची खोडं पडली तेव्हा आतलं लालसर, घट्ट लाकूड बघून तो जरा थबकला. पण ट्रंक भरलेलीच होती, सोप्यात, दाराशी.

पट्टा संपला. यसाक्का म्हणाली, "लाकूड तेवडं डव्हात बुडवून जा. न्हाईतर किडा लागंल." बाभळीचं लाकूड पाण्यात मुरवल्याशिवाय सुतार हात लावत नाही, हे खरंच आहे. ओढ्याच्या डोहात ओंडके बुडाले. मी पत्र लिहिलं: लाकूड बुडवून येतो.

मग ती म्हणाली, "बुडवलंयस तू, तर काडणार कोन? मुरू दे, काडून दे, मंग जा." मी पत्र लिहिलं.

लाकूड निघालं तोवर वैशाख आला आणि बिरूबाची मेंढरं घाट चढून वर आली. "बिरूबा बाईमानसाशी भाव करत न्हाई रं. तेवडा भाव ठरवून जा," यसाक्का म्हणाली. बिरूबा शेजारीच काठीवर हनुवटी टेकून उभा होता. वर्षानुवर्षं तिनं त्याच्याशी घासाघीस करून त्याला जेरीस आणलं होतं. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग शिरपाकडं, आणि गंभीरपणे म्हणाला, "व्हय गड्या. बाईशी भाव आमच्यात न्हाई." त्या वर्षी त्याला जोंधळा जरा जास्तच मिळाला असावा.

मेंढरं बसली. मग कुंपण. मग पाऊस. आणि पावसासोबत हौसाला दिवस गेल्याची बातमी. यसाक्कानं यात आपला काही हात नसल्यासारखं तोंड केलं. "आता ल्येकराचं त्वांड बगून जा."

मुंबईचा दोस्त वैतागला होता. त्याचं पत्र आलं: जागा धरून ठेवली आहे, येणार की नाही एकदाच काय ते कळव. मी ते घेऊन शिरपाच्या घरी गेलो. तेव्हा गावातही वारं बदललं होतं. पलटणी मोडल्या, तशा मनीऑर्डरी थांबल्या होत्या. कौलं होती, पण खाली चूल पेटवायला माणसं पुन्हा मुंबईची वाट धरत होती. तुळशीरामाचा ग्रामोफोन विट्याच्या बाजारात गेला. म्हैस दूध देईना म्हणून तो परत आणावा लागला, असं लोक म्हणत, पण ते काही खरं नसावं. उलट कृष्णाकाठचे बागाईतदार चाकाला लाकूड शोधत यसाक्काच्या दारात यायला लागले होते. उसाला गाड्या हव्या होत्या आणि गाड्यांना चाकं.

मी सोप्यात पाय ठेवला तर शिरपा ट्रंकेपाशी उकिडवा बसलेला. झाकण उघडं. आत खाकी कपडे नव्हते. ते घडी करून खुंटीवरच्या पिशवीत गेले होते. ट्रंक काठोकाठ बाभळीच्या शेंगांनी भरली होती. यसाक्का चुलीपुढून म्हणाली, "पाटीतल्या शेंगा उंदरं खात्यात. रिकामीच हुती म्हून ठिवल्या."

रिकामी नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं.

मी पत्र वाचून दाखवलं. हौसा, पोटावर हात ठेवून, भिंतीला टेकून उभी होती. यसाक्का जाळाकडं बघत होती. त्या वेळी तिच्याकडं नवं काम उरलं नव्हतं, नाहीतर तिनं सांगितलं असतं.

शिरपानं मूठभर शेंगा उचलल्या, खुळखुळवल्या, परत टाकल्या. मग झाकण दाबून पाहिलं.

"हितनं फट ऱ्हातीया," तो म्हणाला. "हितनं बी शिरतील उंदरं. आई, झाकण नीट लावत जा."

मी टाक दौतीत बुडवून बसलो होतो. "काय लिहू?"

तो कडी बसवत राहिला. "लिवा... त्येलाच हिकडं बोलवा. म्हनावं, कुराड चालवाय मानूस पायजे."

यसाक्कानं भाकरी उलटली. पदर डोळ्याला लावला, पण धूर फार होता, असं तिचं म्हणणं.

दोस्त आला का? आला. पुढच्या वर्षी, बायकोसकट. तो वेगळा विषय. हौसाला मुलगी झाली, आणि बारशाला हौसाच्या गळ्यात दोन पुतळ्या होत्या. काळ्या दोऱ्यात ओवलेल्या, पण शिरपानं आणलेल्या.

माझी साताऱ्याला बदली झाली तेव्हा सामान न्यायला शिरपाचीच गाडी आली. नवी गाडी, जुन्या पट्ट्याच्या लाकडाची चाकं, त्यावर करकरीत लोखंडी धाव. गावाबाहेर बनापाशी यसाक्का उभी होती. पाठीत जरा वाकली होती, पण काठी नव्हती. काठीला लागेल असं लाकूड ती विकायची. बन आता पार टेकडीच्या कुशीपर्यंत गेलं होतं. जुन्या पट्ट्याच्या जागी घोट्याएवढी रोपं पुन्हा उभी होती.

मी खाली उतरलो. काय बोलावं सुचेना. मास्तर लोकांना निरोपाची भाषणं येतात, निरोप येत नाही. हात रिकामे राहवेनात, म्हणून सवयीनं शेजारची एक फांदी मोडली. प्रवासात दातवणाला होईल.

यसाक्कानं फांदीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"बदली झाली, जावा की," ती म्हणाली. "पर जायाच्या आदी येक पाटी येचून जावा. कायदा हाय."

मी हसलो. ती हसली नाही. शिरपानं मुकाट्यानं बैलं सोडली. मी पाटी घेऊन बनात शिरलो, माझ्या मागं आमची ही, कडेवर मूल घेऊन. शेंगा वाळून खुळखुळत होत्या. पाटी भरली तोवर ऊन चढलं होतं. यसाक्कानं ती डोक्यावर घेतली आणि मागं न बघता मेंढरांच्या पट्ट्याकडं चालायला लागली. पिवळट उन्हात, हिरव्या पायऱ्यांमधून, ती ताठ पाटी तेवढी बराच वेळ दिसत राहिली.

गाडी विट्याच्या रस्त्याला लागली. मग मी बोटात घुसलेलं कुसळ काढत म्हणालो, "पाहिलंस? जाता जाताही सोडलं नाही म्हातारीनं."

आमच्या हिनं पदरानं मुलाच्या तोंडावरचं ऊन झाकलं.

"बरं झालं एकच पाटी सांगितली," ती म्हणाली. "दुसरी सांगितली असती, तर मी आपली ट्रंक गाडीतून खाली उतरवली असती."